हेन्री ब्लॅनफर्ड : दगडातले हिमयुग आणि पावसाचा पहिला अंदाज

छत्तीसगडमधील भिलाईच्या पोलाद कारखान्यात ४ फेब्रुवारी १९५९ रोजी पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. तेव्हापासून या भट्ट्यांना तीन प्रकारचे दगड लागत आले आहेत. दल्ली-राजहराचे लोहखनिज, नंदिनीच्या खाणीतील चुनखडी आणि कोळसा. लोहखनिज व चुनखडी हे अतिप्राचीन समुद्रांच्या तळावर साचलेले खडक होत. कोळसा त्यांच्या मानाने अलीकडचा. झारखंडच्या खाणींतून येणारा कोळसा असो वा ऑस्ट्रेलियातून जहाजाने येणारा, तो मुख्यत्वे पंचवीस ते तीस कोटी वर्षांपूर्वीच्या पर्मियन काळातील दलदलींत तयार झाला. भारत, ऑस्ट्रेलिया, आफ्रिका हे भूभाग त्या वेळी एकमेकांना जोडलेले होते.

भारतातील या कोळशाच्या थरांखाली काय दडले आहे, हे १८५६ मध्ये ज्या तरुण भूशास्त्रज्ञांनी प्रथम ओळखले, त्यांत हेन्री फ्रान्सिस ब्लॅनफर्ड हे एक होते. पुढे हेच ब्लॅनफर्ड भारतीय हवामान खात्याचे पहिले प्रमुख झाले आणि देशातील मोसमी पावसाचा पहिला नियमित पूर्वअंदाज त्यांनी दिला. प्राचीन हवामानाचे पुरावे दगडांत शोधणारा आणि येत्या हंगामाचे भाकीत करणारा असा दुहेरी वारसा एकाच माणसाकडे असण्याचे उदाहरण विरळाच. आजचे शास्त्रज्ञ हवामानाची संगणकीय प्रारूपे भूतकाळातील समुद्राच्या तापमानावर तपासून पाहतात. त्या कामाची मुळे शोधताना ब्लॅनफर्ड यांच्या आयुष्यापाशी थांबावे लागते.

लंडन ते कलकत्ता

हेन्री ब्लॅनफर्ड यांचा जन्म ३ जून १८३४ रोजी लंडनच्या व्हाइटफ्रायर्स भागात झाला. त्यांचे थोरले बंधू विल्यम थॉमस ब्लॅनफर्ड हे त्यांच्याहून पावणेदोन वर्षांनी मोठे. दोघांच्या नावांत अनेकदा गल्लत होते. पश्चिम आशियातील ज्या लहानशा खोकडाला ब्लॅनफर्डचे नाव आहे ते विल्यम यांच्यावरून. हवामान खात्याच्या इतिहासातील ब्लॅनफर्ड म्हणजे हेन्री.

दोन्ही भावांनी लंडनच्या खाणशास्त्र विद्यालयात शिक्षण घेतले. ही संस्था पुढे रॉयल स्कूल ऑफ माइन्स या नावाने प्रसिद्धीस आली. नंतर हेन्री यांनी जर्मनीतील फ्रायबर्ग येथील विख्यात खाण अकादमीतही अध्ययन केले. १८५५ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे प्रमुख थॉमस ओल्डहॅम यांच्या हाताखाली दोघांची नेमणूक झाली आणि दोघे भाऊ बरोबरच कलकत्त्यास उतरले. हेन्री त्या वेळी अवघे एकवीस वर्षांचे होते.

त्या काळी आगगाड्या आणि आगबोटी भारतात नुकत्याच येऊ लागल्या होत्या. त्यांना कोळसा हवा होता. तो कोठे आहे, किती आहे आणि कोणत्या थरात आहे हे शोधणे, हे सर्वेक्षणाचे तातडीचे काम होते. ब्लॅनफर्ड बंधूंना पहिली कामगिरी मिळाली ती ओडिशातील तालचेरच्या कोळसाक्षेत्राची.

तालचेरचे गोलाश्म

तालचेरच्या जंगलात फिरताना या मंडळींनी कोळसा असलेला खडकांचा गट आणि त्याखालचा कोळसारहित गट वेगळे केले. खालच्या गटाला त्यांनी तालचेर हे नाव दिले. या गटाच्या तळाशी त्यांना एक चमत्कारिक थर दिसला. अतिशय बारीक, मऊ गाळाच्या खडकात मोठमोठे गोलाश्म रुतून बसले होते. काही दगड माणसाला हलवता न येण्याइतके प्रचंड होते.

येथे एक पेच होता. बारीक गाळ संथ पाण्यातच बसतो. मोठा दगड वाहून आणायचा तर पाण्याला प्रचंड वेग हवा, आणि तसा वेग असला तर बारीक गाळ तळाशी बसणारच नाही. दोन्ही गोष्टी एकाच थरात कशा? यावर त्यांनी सुचवलेले उत्तर धाडसी होते. दगड बर्फाने आणले असावेत. बर्फात अडकलेले दगड संथ पाण्यावरून तरंगत यावेत आणि बर्फ वितळल्यावर खालच्या चिखलात पडावेत, अशी ती मांडणी होती. विल्यम, हेन्री आणि त्यांचे सहकारी विल्यम थिओबाल्ड यांचा या क्षेत्रावरील अहवाल सर्वेक्षणाच्या ग्रंथमालेच्या पहिल्या खंडात प्रसिद्ध झाला.

कर्कवृत्ताच्या दक्षिणेस, उन्हाने भाजून निघणाऱ्या प्रदेशात एके काळी बर्फ होता, ही कल्पना त्या काळी अनेकांना पटण्यासारखी नव्हती. परंतु पुरावे साचत गेले. १८७० मध्ये दक्षिण आफ्रिकेतील तशाच थराला हिमनदीचे मूळ असल्याचे सांगण्यात आले. त्याच दशकात चंद्रपूरजवळ, पैनगंगेच्या काठी इरई येथे ओल्डहॅम आणि त्यांचे सहकारी फ्रान्सिस फेडन यांना असे दगड सापडले की ज्यांच्यावर सरकत्या बर्फाने पाडलेले ओरखडे स्पष्ट दिसत होते. त्यांच्याखालचा चुनखडीचा पृष्ठभागही घासला गेलेला व खाचा पडलेला होता. फेडन यांनी १८७५ मध्ये ही माहिती प्रसिद्ध केली. विदर्भाच्या उन्हाळ्याची कीर्ती ज्यांना ठाऊक आहे त्यांना हा शोध किती अनपेक्षित होता याची कल्पना येईल.

हेन्री यांनी १८७५ मध्ये लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेपुढे आणखी एक मोठा विचार मांडला. भारतातील आणि दक्षिण आफ्रिकेतील वनस्पतींचे जीवाश्म इतके सारखे आहेत, की हे दोन भूभाग एके काळी जमिनीने जोडलेले असले पाहिजेत, असे त्यांचे प्रतिपादन होते. मधली जमीन नंतर समुद्रात बुडाली, असे त्यांना वाटले. हे बुडालेले खंड कधीच सापडले नाही. भूखंडेच सरकली आहेत, ही मांडणी आल्फ्रेड वेगेनर यांनी १९१२ मध्ये केली आणि तिला सर्वमान्यता मिळायला १९६० चे दशक उजाडले. ब्लॅनफर्ड यांचे स्पष्टीकरण चुकले होते. त्यांनी पाहिलेला पुरावा मात्र टिकला आणि वेगेनर यांच्या युक्तिवादाचा तो एक आधारस्तंभ ठरला. खडकांच्या या गटाला गोंड राजांच्या प्रदेशावरून गोंडवन हे नाव मिळाले. छत्तीसगड आणि विदर्भाचा मोठा भाग याच प्रदेशात मोडतो. थोरल्या विल्यम यांनी छत्तीसगडमधील कोरबाच्या कोळशावरही १८७० मध्ये अहवाल लिहिला होता.

समुद्रतळाचे जीवाश्म

तालचेरनंतर हेन्री यांची रवानगी दक्षिणेत झाली. तमिळनाडूतील तिरुचिरापल्लीच्या परिसरात क्रिटेशस काळातील, म्हणजे डायनोसॉर पृथ्वीवर असतानाच्या युगातील, समुद्री खडक आहेत. तेथे शंखशिंपल्यांचे जीवाश्म विपुल सापडतात. हेन्री यांनी या खडकांची उतातूर, त्रिचनापल्ली आणि अरियलूर अशा तीन गटांत विभागणी केली. ही नावे थोड्याफार फरकाने आजही भूशास्त्राच्या पुस्तकांत वापरली जातात. तेथील शीर्षपाद प्राण्यांच्या जीवाश्मांवरील ग्रंथाचे कामही त्यांनी सुरू केले. ते पुढे फर्डिनांड स्टोलिक्झ्का यांनी चालवले.

रानावनातील वर्षानुवर्षांच्या भटकंतीचा त्यांच्या प्रकृतीवर परिणाम झाला. १८६२ मध्ये त्यांना सर्वेक्षणातील नोकरी सोडावी लागली. भूशास्त्रातील एक आशादायक कारकीर्द अशा रीतीने अवघ्या सात वर्षांत आटोपली. वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी त्यांनी कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयात अध्यापकाचे काम पत्करले. भारतीय शाळांसाठी त्यांनी लिहिलेले प्राकृतिक भूगोलाचे पुस्तक बराच काळ वापरात होते.

वादळानंतर

५ ऑक्टोबर १८६४ रोजी एक भीषण चक्रीवादळ कलकत्त्यावर आदळले. हुगळीच्या मुखातून समुद्राचे पाणी आत शिरले. मृतांची संख्या साठ हजारांच्या घरात होती, असे सांगितले जाते. बंदरातील जहाजांची धूळधाण झाली. बंगालच्या एशियाटिक सोसायटीशी निकटचा संबंध असलेल्या ब्लॅनफर्ड यांनी जे. ई. गॅस्ट्रेल यांच्यासह या वादळाची तपशीलवार चौकशी केली. जहाजांच्या नोंदवह्या, किनाऱ्यावरील वायुभारमापकांचे आकडे आणि प्रत्यक्षदर्शींची माहिती एकत्र करून वादळाचा मार्ग निश्चित करण्यात आला. त्यांचा अहवाल १८६६ मध्ये निघाला.

वादळ अचानक आलेले नव्हते, हे अशा चौकशीतून दिसून येत होते. त्याची चाहूल समुद्रावरील जहाजांना आधीच लागलेली होती. ती किनाऱ्यापर्यंत पोहोचवणारी व्यवस्थाच नव्हती. १८६६ च्या ओडिशातील दुष्काळाने हीच उणीव पुन्हा दाखवून दिली. १८६७ मध्ये बंगाल सरकारने ब्लॅनफर्ड यांना हवामानविषयक वृत्तनिवेदक नेमले. १८७५ मध्ये सगळ्या देशासाठी एकच हवामान खाते स्थापन झाले आणि त्याच्या प्रमुखपदी ब्लॅनफर्ड यांची निवड झाली. आजचा भारतीय हवामानशास्त्र विभाग तो हाच.

त्यापूर्वी निरनिराळ्या प्रांतांत निरनिराळ्या उपकरणांनी, निरनिराळ्या वेळी नोंदी होत. एका ठिकाणचा आकडा दुसऱ्या ठिकाणच्या आकड्याशी ताडून पाहता येत नसे. ब्लॅनफर्ड यांनी उपकरणे, वेळा आणि पद्धती एकसारख्या केल्या. निरीक्षकांसाठी त्यांनी १८७७ मध्ये मार्गदर्शक ग्रंथ लिहिला. त्याच वर्षी अलीपूरची वेधशाळा सुरू झाली आणि १८७८ पासून दैनिक हवामान अहवाल निघू लागला. हे काम वरवर रुक्ष वाटेल. पण पुढच्या दीडशे वर्षांतील प्रत्येक सिद्धान्ताची कसोटी याच आकड्यांवर लागणार होती.

दुष्काळाचे आव्हान

खाते स्थापन होऊन वर्ष होते न होते तोच १८७६ चा पावसाळा दख्खनमध्ये कोरडा गेला. सोलापूर, विजापूर, सातारा, पुणे या भागांत पिके जळाली. मद्रास आणि म्हैसूरमध्ये परिस्थिती याहून बिकट होती. १८७७ मध्ये उत्तर भारतातही पावसाने दगा दिला. देशभरात लक्षावधी माणसे मृत्युमुखी पडली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने आपली माणसे गावोगाव पाठवून लोकांच्या हालांची माहिती गोळा केली आणि ती सरकारपुढे मांडली. मृत्यूंना केवळ पावसाची ओढ कारणीभूत नव्हती. धान्याची निर्यात चालूच राहिली होती आणि मदतीच्या कामांवरील मजुरी अपुरी होती. तरीही पाऊस येणार नाही हे आधी कळले असते तर काय करता आले असते, हा प्रश्न आता राज्यकर्त्यांना टाळता येईना.

ब्लॅनफर्ड यांनी आकड्यांत उत्तर शोधण्याचा प्रयत्न केला. त्या काळी सूर्यावरील डागांचा आणि दुष्काळाचा संबंध असल्याची कल्पना विलायतेत लोकप्रिय होती. तिचा त्यांनीही विचार केला. १८८० मध्ये त्यांनी रशिया आणि भारत यांच्यामधील वायुभाराच्या हेलकाव्यावर लिहिले. एकीकडे भार वाढला की दुसरीकडे तो घटतो, असे त्यांना आढळले होते. १८७७ च्या आसपास आशियाच्या व हिंदी महासागराच्या फार मोठ्या प्रदेशावर वायुभार नेहमीपेक्षा जास्त राहिला होता, हेही त्यांनी टिपले. सूर्यडागांचा धागा पुढे निष्फळ ठरला. दूरदूरच्या प्रदेशांतील हवा एकमेकींशी बांधलेली आहे, हे निरीक्षण मात्र मोलाचे होते. याच वर्षी त्यांना रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळाले.

हिमालयाचा बर्फ

हिमालयात हिवाळ्यात आणि वसंतात बर्फ जास्त पडला, की पुढच्या उन्हाळ्यात वायव्य भारतात कोरडे वारे अधिक काळ वाहतात आणि मोसमी पाऊस रेंगाळतो, असा ब्लॅनफर्ड यांचा निष्कर्ष होता. त्यामागील कार्यकारणभाव समजण्यास सोपा आहे. पांढरा बर्फ सूर्यप्रकाश परतवून लावतो. उरलेल्या उष्णतेचा बराच भाग बर्फ वितळण्यात खर्च होतो. त्यामुळे जमीन उशिरा तापते आणि समुद्रावरील ओलसर वाऱ्यांना आत खेचून घेणारा कमी दाबाचा पट्टा दुबळा राहतो.

१८८२ पासून सरकारच्या सूचनेवरून त्यांनी प्रायोगिक अंदाज देण्यास प्रारंभ केला. डोंगरी ठाण्यांवरील अधिकाऱ्यांकडून बर्फाची माहिती मागवून ती मागील वर्षांच्या पावसाशी ताडली जाई. १८८४ मध्ये त्यांनी आपला निबंध रॉयल सोसायटीच्या कार्यवृत्तात प्रसिद्ध केला. सुरुवातीच्या अंदाजांना यश आल्यावर ४ जून १८८६ रोजी भारत आणि ब्रह्मदेशासाठी मोसमी पावसाचा पहिला नियमित पूर्वअंदाज जाहीर झाला. जगात अन्यत्र इतक्या दीर्घ मुदतीचा सरकारी अंदाज तेव्हा दिला जात नव्हता.

याच काळात त्यांच्या कार्यालयात एक पंजाबी तरुण दाखल झाला. रुचिराम साहनी हे या खात्यात नेमले गेलेले पहिले भारतीय अधिकारी. त्यांची नेमणूक १८८५ मध्ये झाली. दोन वर्षांनी ते लाहोरला अध्यापक म्हणून गेले. त्यांचे चिरंजीव बिरबल साहनी पुढे गोंडवन खडकांतील वनस्पतींच्या जीवाश्मांचे जगप्रसिद्ध अभ्यासक झाले. ब्लॅनफर्ड यांची दोन क्षेत्रे, खडक आणि हवामान, अशा प्रकारे एकाच भारतीय घराण्यात पुन्हा एकत्र आली.

ब्लॅनफर्ड १८८८ मध्ये निवृत्त होऊन इंग्लंडला परतले. भारत, श्रीलंका आणि ब्रह्मदेशाच्या हवामानावरील त्यांचा ग्रंथ १८८९ मध्ये प्रसिद्ध झाला. इंग्लंडच्या किनाऱ्यावरील फोकस्टन येथे २३ जानेवारी १८९३ रोजी, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

अंदाजाची परीक्षा

ब्लॅनफर्ड यांच्या नियमाची खरी परीक्षा त्यांच्या मागे झाली. त्यांचे उत्तराधिकारी जॉन एलियट यांनी बर्फाबरोबर इतरही घटक विचारात घेऊन अंदाज अधिक विस्तृत केले. १८९९ साठी चांगल्या पावसाचे भाकीत करण्यात आले. प्रत्यक्षात त्या वर्षी पश्चिम आणि मध्य भारतात भयंकर अवर्षण पडले. छप्पन्नचा दुष्काळ म्हणून तो आजही स्मरणात आहे. आजचे भिलाई ज्या रायपूर-दुर्ग परिसरात वसले आहे, तो प्रदेशही त्यात होरपळला. अंदाज इतका फसल्यावर खात्यावर टीकेची झोड उठली आणि काही वर्षे अंदाज केवळ सरकारपुरते गोपनीय ठेवण्यात आले.

१९०४ मध्ये केंब्रिजचे गणिती गिल्बर्ट वॉकर यांच्याकडे खात्याची सूत्रे आली. त्यांनी बर्फाच्या नियमाला सांख्यिकीच्या कसोटीवर घासून पाहिले. संबंध आहे, परंतु तो एकट्याने अंदाज पेलू शकणार नाही, असे दिसून आले. मग त्यांनी जगभरातील वायुभाराच्या नोंदी तपासल्या आणि १९२० च्या दशकात प्रशांत व हिंदी महासागरांमधील वायुभाराच्या हेलकाव्याला दक्षिणी आंदोलन असे नाव दिले. ब्लॅनफर्ड यांना ज्या हेलकाव्याची पुसट खूण दिसली होती, त्याचे पूर्ण चित्र ते हेच. या हेलकाव्यामागे समुद्राचे तापमान आहे आणि प्रशांत महासागरातील एल निनोशी त्याचे नाते आहे, हे याकोब ब्यर्कनेस यांनी १९६९ मध्ये दाखवले. १९७६ मध्ये उपग्रहांच्या छायाचित्रांवरून आशियातील बर्फ आणि मोसमी पाऊस यांचा संबंधही पुन्हा तपासण्यात आला.

एका पिढीने सांगितलेला नियम पुढच्या पिढीने जुन्या नोंदींवर तपासावा, त्यातील सत्य ठेवावे आणि उरलेले टाकावे, हीच या शास्त्राची रीत राहिली आहे.

जुन्या समुद्रांची साक्ष

१८७६ ते १८७८ या वर्षांत महासागर कसा होता, हे ब्लॅनफर्ड यांना कळण्याचा मार्ग नव्हता. तो पुढे सापडला. त्या काळी जहाजांवरील खलाशी बादलीने समुद्राचे पाणी वर काढून त्याचे तापमान नोंदवहीत लिहीत. अशा विखुरलेल्या नोंदी एकत्र करून संशोधकांनी त्या वर्षांचा समुद्र पुन्हा उभा केला. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार १८७७-७८ चा एल निनो असाधारण तीव्र होता आणि हिंदी महासागराच्या पश्चिम भागातील पाणीही पूर्वेच्या तुलनेत बरेच उबदार होते. ब्लॅनफर्ड यांच्या वायुभारमापकांनी जे टिपले ती या घटनेची हवेतील बाजू होती.

आजची प्रारूपे हवा आणि समुद्र यांचे भौतिक नियम समीकरणांच्या रूपाने संगणकाला देतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत २०१२ पासून मान्सून मोहिमेखाली अशा प्रारूपावर काम होत आले आहे. ते विश्वासार्ह आहे की नाही हे ठरवण्यासाठी त्याला सरलेल्या वर्षांतील समुद्राची स्थिती देऊन त्या त्या वर्षांचा पाऊस वर्तवायला सांगतात आणि उत्तर नोंदींशी ताडतात.

परंतु उपकरणांच्या नोंदी दीड-दोन शतकांच्याच आहेत. पृथ्वी आता ज्या तापमानाकडे चालली आहे ते या काळात कधीच नव्हते. म्हणून त्याही मागे जावे लागते. समुद्रतळाच्या गाळात फोरॅमिनिफेरा नावाच्या सूक्ष्म जीवांची कवचे साचलेली असतात. कवच बनते तेव्हाच्या पाण्याच्या तापमानानुसार त्यातील जड आणि हलक्या ऑक्सिजनचे प्रमाण ठरते. हॅरॉल्ड युरी यांनी १९४७ मध्ये या तत्त्वाचा पाया घातला आणि चेझारे एमिलियानी यांनी १९५५ मध्ये त्याच्या आधारे हिमयुगांचा इतिहास वाचला. कवचातील मॅग्नेशियम आणि शेवाळांनी मागे ठेवलेली मेदद्रव्ये यांवरूनही आता तापमान काढले जाते.

ही तपासणी दोन्ही बाजूंनी होते. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वीच्या हिमयुगातील समुद्राचा नकाशा १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा उष्ण कटिबंधातील समुद्र फारसा थंड झाला नव्हता असे त्यात दिसत होते. प्रारूपे आणि डोंगरांवरील जुन्या हिमरेषांचे पुरावे यांच्याशी ते जुळेना. पुढील संशोधनात नकाशाच दुरुस्त करावा लागला. तेथील समुद्रही लक्षणीय थंड झाला होता. उलट २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, कार्बन डायऑक्साइडला फार तीव्र प्रतिसाद देणाऱ्या एका अद्ययावत प्रारूपाने हिमयुगातील पृथ्वी सुमारे अकरा अंशांनी थंड दाखवली. पुरावे साधारण सहा अंशांचे आहेत. त्या वेळी दोष प्रारूपात होता. ते भविष्यातील तापमानवाढही वाजवीपेक्षा जास्त दाखवत असावे, असा त्याचा अर्थ निघाला. त्याच वर्षी बंगालच्या उपसागरातील गाळाच्या अभ्यासातून गेल्या नऊ लाख वर्षांचा मोसमी पाऊस समोर आला. हवेतील कार्बन डायऑक्साइड वाढला की भारतीय मोसमी पाऊसही वाढतो, हा प्रारूपांचा अंदाज त्या पुराव्याशी जुळला.

छत्तीसगडमधील एक साक्ष याहूनही जुनी आहे. राज्याच्या उत्तर भागात, हसदेव नदीकाठच्या मनेंद्रगढ येथे तालचेर गटाच्या खडकांत समुद्री शिंपल्यांचे जीवाश्म आहेत. हे ठिकाण राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून जपले जाते. त्यांतील युरिडेस्मा हा शिंपला ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेतही आढळतो आणि थंड पाण्याचा निवासी मानला जातो. बर्फ ओसरत असताना एक गार समुद्र येथवर आत आला होता, असे हे शिंपले सांगतात. ब्लॅनफर्ड बंधूंच्या गोलाश्मांना मिळालेला हा समुद्राचा दुजोरा होय. त्या युगातील हिमाच्छादन उभे करू पाहणाऱ्या प्रारूपांना हवेतील कार्बन डायऑक्साइड कमी धरावा लागतो. तो वाढवला तर बर्फ टिकत नाही.

भट्टीतला कार्बन

त्या थंड युगानंतर उगवलेल्या अरण्यांनी हवेतील कार्बन शोषला आणि चिखलाखाली गाडून ठेवला. तोच हा गोंडवन कोळसा. भिलाईच्या भट्टीत कोळशापासून केलेला कोक लोहखनिजातील ऑक्सिजन काढून घेतो आणि कार्बन पुन्हा हवेत जातो. चुनखडी तापली की तीही कार्बन डायऑक्साइड सोडते. ब्लॅनफर्ड यांनी पहिला अंदाज दिला तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे सुमारे २९० भाग होते. आता ते ४२० हून अधिक आहेत.

या बदलाची ब्लॅनफर्ड यांना कल्पना असण्याचे कारण नव्हते. ज्या कोळशाचे थर त्यांनी तरुणपणी मोजले, तोच जळून पुढे त्या पावसाला बदलू लागेल, ज्याचा अंदाज बांधण्यात त्यांचे उत्तरायुष्य गेले, हा योगायोग आजच्या वाचकालाच दिसू शकतो. या भट्ट्यांनी भिलाईतील हजारो कुटुंबांना, त्यांत अनेक मराठी कुटुंबांनाही, स्थैर्य दिले. त्याच कुटुंबांच्या गावाकडच्या शेतीला पावसाची शाश्वती हवी आहे.

ती देणे अजूनही पूर्णपणे शक्य झालेले नाही. हवामानशास्त्र विभागाचा मोसमी पावसाचा अंदाज आता अनेक प्रारूपांच्या मेळातून तयार होतो. दर वर्षी तो जाहीर होतो आणि सप्टेंबर सरला की प्रत्यक्ष पावसाच्या आकड्यांशी ताडून पाहिला जातो. हे आकडे ज्या एकसारख्या पद्धतीने नोंदवले जातात, तिची घडी ब्लॅनफर्ड यांनी दीडशे वर्षांपूर्वी बसवली होती.